कानाला न पुरलेला हात

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून कळंबला आला आणि तिसऱ्याच दिवशी परसातल्या पेरूच्या झाडावरून पडला. वय वर्षे नऊ. डावे मनगट सुजले होते. सूनबाई रडकुंडीला आल्या, आमच्या सौ. लगेच हळद आणि तुरटी शोधू लागल्या, आणि नातू मात्र "आबा, मोडला का हो हात? खराखुरा मोडला का?" असे मोठ्या उत्साहाने विचारत होता. शाळेत मित्रांकडून प्लास्टरवर सह्या घ्यायच्या होत्या ना!

हाडांचे डॉक्टर माझेच एकेकाळचे विद्यार्थी निघाले. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्यावरचे केस गेलेले, पण मला पाहून उभे राहिले. आम्हा मास्तर लोकांची हीच खरी पेन्शन. त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडाच्या पेटीवर लावला. मी चष्मा सावरून पुढे झालो. मनगटाच्या जरा वर, हाडाचे टोक आणि बाकीचे हाड यांच्यामध्ये एक चांगली ठळक काळी रेघ दिसत होती. हाड आरपार तुटून बाजूला झाले की काय, असे वाटून माझ्या पोटात गोळा आला.

"अहो, ही एवढी मोठी फट?"

डॉक्टर हसले. "गुरुजी, ती फट नाही. तिथूनच तर हात वाढतो. मोडलंय ते इथं," असे म्हणून त्यांनी त्या रेघेच्या वर एक अगदी बारीक सुरकुती दाखवली. मला ती दिसलीसुद्धा नव्हती. "ओली फांदी वाकवली की कशी एका अंगाने तडकते आणि दुसऱ्या अंगाने नुसती वाकते, तसं झालंय. लहान मुलांची हाडं ओली असतात. चार-सहा आठवड्यांत पुन्हा झाडावर चढेल."

म्हणजे जे मला मोडलेले वाटले ते वाढत होते, आणि जे मोडलेले होते ते मला दिसलेच नाही. ही गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मी मराठी माध्यमातला बी.ए. जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवले. विज्ञानाच्या तासाला माझा संबंध आला तो बदली शिक्षक म्हणूनच. लोक मला 'हाडाचा शिक्षक' म्हणत, पण हाड म्हणजे काय हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळायला लागले. म्हणून मग पुस्तके काढली, डॉक्टरांना दोन-तीनदा गाठून छळले, आणि जे समजले ते तुमच्यापुढे मांडतो आहे. चुकले तर कान धरा.

आपण हाडाला दगडासारखे समजतो. पण आईच्या पोटात पहिल्यांदा जो सांगाडा तयार होतो, तो बव्हंशी हाडाचा नसतोच, कूर्चेचा असतो. कूर्चा म्हणजे काय हे बघायचे असेल तर आपल्या कानाचा वरचा भाग दुमडून पाहा. वाकतो, आणि सोडला की पुन्हा जागेवर येतो. गर्भ साधारण दोन महिन्यांचा झाला की या कूर्चेच्या साच्यात मधोमध हाड तयार व्हायला लागते. मांडीच्या, दंडाच्या, नडगीच्या मधल्या भागापासून सुरुवात होऊन ते दोन्ही टोकांकडे सरकत जाते. कवटीची चपटी हाडे मात्र कूर्चेची वाट न पाहता पातळ पडद्यातच थेट तयार होतात. त्यांच्यातली उघडी राहिलेली मोठी जागा म्हणजे बाळाची टाळू. आपल्या आज्या तिच्यावर तेल थापून 'टाळू भरत' असत. ती भरते आपली आपणच, साधारण दीड-दोन वर्षांत. तेलाचे श्रेय आजीला जाते, जाऊ द्या.

जन्मलेल्या बाळाच्या अंगात हाडांचे पावणेतीनशे ते तीनशे सुटे तुकडे असतात. ते पुढे एकमेकांना जुळत जातात आणि मोठ्या माणसात २०६ उरतात. हातापायांच्या लांब हाडांचे मधले खोड एक आणि टोके वेगळी, आणि त्यांच्यामध्ये कूर्चेचा पातळ पट्टा. हाच तो एक्स-रेमधला काळा पट्टा. तिथल्या पेशी एकीवर एक नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात, फुगतात, मग त्यांच्या जागी हाड भरते, आणि पट्टा तेवढा पुढे सरकतो. मुलगा उंच होतो तो असा. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठराच्या सुमारास बहुतेक पट्टे बुजतात आणि उंची थांबते. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक तर पंचविशीच्या आसपास जुळते. म्हणजे लग्नाच्या मांडवात उभा असलेला नवरदेवही पुरता जुळलेला नसतो.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे गुरुजी एक प्रयोग करून दाखवत. कोंबडीच्या तंगडीचे हाड व्हिनेगरच्या बरणीत आठवडाभर ठेवत. त्यातला चुना विरघळून जाई आणि मागे राहिलेले हाड रबरासारखे वाके. दुसरे हाड चुलीत घालत. त्यातला चिवट धागा जळून जाई, आणि ते हाड खडूसारखे चुरडे. चुना आणि धागा दोन्ही असतात म्हणून हाड टणकही आणि चिवटही. आपण तिसऱ्या दिवशी सावडायला जातो तेव्हा हाताला लागणाऱ्या अस्थी इतक्या ठिसूळ का असतात, हे मला तेव्हा कळले होते, पण वर्गात बोलण्यासारखे ते नव्हते.

आणि हाड एकदा तयार झाले की काम संपले असेही नाही. हाड खाणाऱ्या पेशी आणि हाड घालणाऱ्या पेशी जन्मभर शेजारी शेजारी राबत असतात. मोठ्या माणसाचा सांगाडा साधारण दहा वर्षांत बव्हंशी नवा झालेला असतो. जिथे भार पडतो तिथे भर पडते, जिथे काम नाही तिथून माल उचलला जातो. युलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली हा नियम पुस्तकात मांडला. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरते ते याच नियमाने. आपल्यासारख्या उकिडवे बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या टोकावर एक लहानशी गुळगुळीत खूण उमटते, ती पाहून हजारो वर्षांपूर्वीचा माणूस कसा बसत होता हे जाणकार सांगतात. माणूस काय म्हणाला हे हाड सांगत नाही, पण त्याने काय केले हे सांगते.

सांध्यांचेही असेच. आमच्या शेजारी वालचंदनगरच्या कारखान्यात मोठमोठे गिअर घडवले जातात. त्यांना बाहेरून तेल घालावे लागते. गुडघा आपले वंगण आपणच तयार करतो. सांध्यात हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने ती दाबली जाते, सुटते, आणि स्पंजासारखी त्या वंगणातूनच आपले पोषण घेते. म्हणून गुडघे दुखतात म्हणून बसून राहिलो की ते जास्त आखडतात. मी रोज सकाळी ओढ्यापर्यंत जाऊन येतो ते यासाठीच, सौ. समजतात तसे चहाच्या टपरीसाठी नव्हे.

आता थोडा जुना इतिहास. सुश्रुतसंहितेत हाडांची संख्या ३०० दिली आहे आणि चरकसंहितेत ३६०. आजचा आकडा २०६. मग ते चुकले का? तर नाही, ते दात मोजत होते, कूर्चा मोजत होते. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार केले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात, नलक म्हणजे नळीसारखी हाडे, आणि कूर्चेला त्याने नाव दिले 'तरुण'. किती नेमके नाव! सांध्यांचे त्याने आठ प्रकार सांगितले. खांदा आणि खुबा यांच्या सांध्याला तो म्हणतो उलूखल, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याच सांध्याला 'उखळीचा सांधा' म्हणतात. शब्द तोच. कवटीच्या हाडांमधल्या नागमोडी जोडाला तो म्हणतो तुन्नसेवनी, म्हणजे कापडाची शिवण. हे सारे नुसते बसून सुचलेले नाही. मृत शरीर गवताने गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग थर उकलत पाहावे, असे त्याने शिष्यांना सांगून ठेवले आहे. आधी डोळ्यांनी पाहा, मग बोला, असा त्याचा दंडक.

पण पाहणाऱ्याच्या मनात आधीच काही ठरलेले असेल तर? त्यासाठी एक अगदी आपली गोष्ट सांगतो. 'युगान्त'मुळे आपल्याला माहीत असलेल्या इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला गेल्या. ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना शास्त्राचा आधार पुरवणाऱ्यांपैकी ते एक होते, पुढे नाझींच्या काळात त्यांचे फार चालले. बाईंना विषय मिळाला कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमतेचा. गुरूंची अटकळ होती की युरोपीय आणि इतर कवट्यांत वंशाप्रमाणे फरक सापडेल. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिले की असा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्या गुरूंच्या मनाविरुद्ध! मला 'युगान्त'मधली निर्भीड बाई तिथेच दिसते. हाड खोटे बोलत नाही. चुकतो तो वाचणारा.

इरावतीबाई पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. त्याच डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी आपल्या पुणे जिल्ह्यातच हाडे वाचण्याचे एक मोठे काम केले, ते इनामगावला.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. तिथून घोडेचे पाणी भीमेला मिळते, भीमा आमच्या इंदापूर तालुक्याच्या कडेने उजनीच्या जलाशयातून पुढे जाते, आणि नरसिंहपूरला तिला आमची नीरा भेटते. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या अस्थी त्याच संगमावर गेल्या. तेव्हा इनामगाव काही आम्हाला परके नाही. १९६८ पासून पुढे बरीच वर्षे प्रा. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन चालले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले एक शेतकऱ्यांचे गाव त्यांनी मातीखालून बाहेर काढले. याच लोकांची एक वस्ती आमच्या वरच्या अंगाला, बारामती तालुक्यात कऱ्हा-नीरेच्या संगमावर सोनगावलाही होती. डेक्कन कॉलेजने १९६५ साली तिथे उत्खनन केले. या संस्कृतीला नाव मात्र संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचे मिळाले, कारण तिथे ती आधी सापडली.

इनामगावच्या लोकांनी नदीचे पुराचे पाणी वळवायला पाट खणला होता, बांध घातला होता. सातू पिकवत. गुरे होती. आणि माणूस गेला की त्याला ते घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाला उताणे निजवत, आणि घोट्याखाली पावले तोडत. गेलेल्याने चालत परत येऊ नये म्हणून, असा तर्क आहे. एक माणूस मात्र पाच खोल्यांच्या घरात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडला, पावले शाबूत असलेला. तो गावचा प्रमुख असावा. बड्यांना तेव्हाही सवलत होती म्हणायची!

पण बहुतेक दफने मुलांची आहेत. दोनशेहून अधिक दफनांमध्ये मोठी माणसे थोडी, आणि बाकी सारी मुले, त्यातही तान्ही. दोन मडकी तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवी ठेवायची, आत बाळ. शेजारी एखादे वाडगे, एखादी झारी. काही वर्षांपूर्वी डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मी अशी जोडमडकी पाहिली. आमच्याकडे आजही तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. माझ्या पाठची एक बहीण अशीच वडिलांनी धडप्यात गुंडाळून रानात नेली. कुठे पुरली ते त्यांनी आईला कधीही सांगितले नाही. ती तिथे जाऊन बसेल म्हणून. इनामगावची आई निदान त्याच जमिनीवर अंथरूण टाकून झोपत होती. मडक्यांसमोर उभा असताना मला एवढेच सुचले.

ही हाडे पुढे जॉन ल्यूकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी अभ्यासली. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन बाईंनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांच्या सांगाड्यांवर काम करून २०११ साली पुस्तक लिहिले. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण माझी गोष्ट तिच्यावरच येऊन ठेपते.

मेलेल्या मुलाचे वय कसे ठरवायचे? जन्मदाखला नाही. मांडीचे हाड मोजावे, तर उपाशी मुलाचे हाड आखूडच असणार. मग दात पाहायचे. जबड्याच्या आत दात हळूहळू घडत असतो, आणि उपासमारीचा त्याच्या वेळापत्रकावर हाडाइतका परिणाम होत नाही. म्हणून दातांवरून वय काढायचे, आणि त्या वयाला मांडीचे हाड जेवढे हवे तेवढे आहे का ते ताडून पाहायचे. दात म्हणजे जन्मदाखला आणि हाड म्हणजे प्रगतिपुस्तक. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की मूल कसे वाढत होते ते दिसते.

तसे पाहिल्यावर असे दिसले की गावाच्या शेवटच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १००० नंतर, मुलांची वाढ खुंटलेली होती. त्याच काळात चौकोनी मोठी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. पाऊस कमी झाला म्हणून असे झाले, असे आधीच्या विद्वानांचे मत. शुगबाई म्हणतात की सगळे पावसावर ढकलून चालणार नाही. तो वाद जाणत्यांवर सोपवू. पोरांच्या मांड्या मात्र आखूड होत्या, याबद्दल वाद नाही. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठले.

आता माझी गोष्ट.

त्या दिवशी एक्स-रे पाहताना डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, जन्मतारीख न सांगता मी याचं वय सांगू शकतो. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना एकही दिसत नाही. मग एकेक करत उमटतात. याची सात आलीत, आठवं यायचंय. म्हणजे नवाच्या आसपास." मग मिस्कील हसून म्हणाले, "माझी खरी जन्मतारीख मात्र तुम्हीच गायब केलीत!"

खरे आहे. आपल्यापैकी किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो ते मोजून पाहा! शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख ठाऊक नसे. "पटकीच्या साथीत झाला," "थोरलीच्या लग्नाच्या साली झाली," असे सांगत. मग आम्ही शाळेच्या सुरुवातीची १ जून टाकून मोकळे होत असू. माझी स्वतःचीही १ जूनच आहे.

आणि वर्ष? त्यासाठी एक सोपी कसोटी होती. पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कानाला बोटे पुरली की सहा वर्षांचा झाला, घ्या पहिलीत. नाही पुरली की "पुढच्या वर्षी आणा." साऱ्या महाराष्ट्रात हे चाले. आम्हीही तसेच शाळेत गेलो होतो. त्यात शास्त्र होते, नाही असे नाही. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते. डोके लवकर वाढून घेते, हात-पाय मागाहून वाढतात. सहाच्या सुमारास हात डोक्याला वळसा घालून पलीकडे पोचतो. पण हे चांगले खाल्लेल्या पोराचे झाले. पोटाला कमी पडले तरी डोके आपला वाटा घेतेच, तोट्यात जातात हात-पाय. हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

१९७२चा दुष्काळ माझ्या पिढीला सांगायला नको. आमच्याकडे नीरेचा डावा कालवा १८८५ पासूनचा, तिसाच्या दशकात वालचंदशेठनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, त्यामुळे बाहेरच्याला वाटते इथे सगळे हिरवेगार. पण कालव्याच्या वरच्या अंगाची गावे जिराईतच. त्या वर्षी लोक खडी फोडायला गेले. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन पोरे जगली. त्या साली जी पोरे वर्ष-दीड वर्षाची होती, अंगावरून नुकती सुटलेली, त्यांचे सगळ्यात हाल झाले.

१९७८चा जून. मी एका वस्तीवरच्या शाळेत होतो, नोकरी नवी, नियमाचा मोठा पक्का. एक बाई मुलीला घेऊन आली. ऊसतोडीला जाणारे कुटुंब. मी विचारले, वय काय?

"दुष्काळाच्या आदल्या वर्साची हाय, गुर्जी."

मी हिशेब केला. सात. पण मुलगी दिसायला पाच वर्षांची. मी म्हटले, कान धर बाळ. तिने हात डोक्यावरून नेला. बोटे कानाच्या दोन बोटे वरच थांबली. तिने मान वाकडी केली, टाचा उंच केल्या (टाचांनी काय होणार, पण केल्या), आणि मग माझ्याकडे पाहून हसली. मुले हसली. मीही हसलो.

"लहान आहे अजून. पुढच्या वर्षी आणा."

"सात सरली तिची, गुर्जी. म्या खोटं कशापायी बोलू?"

"हात काय सांगतोय बघा की," मी म्हणालो.

पुढच्या जूनला ती आली नाही. त्याच्या पुढच्या जूनलाही नाही. ऊसतोडीला गेली असेल, धाकटे भावंड सांभाळत असेल. मी चौकशी केली नाही. तेव्हा तशी चौकशी करण्याची रीत नव्हती, असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आलो आहे. पुढे जन्मनोंदी होऊ लागल्या, शाळेच्या पोषण आहारात खिचडी आली, २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, त्यात तर वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. ते माझ्या निवृत्तीनंतर.

परवा नातवाचे प्लास्टर काढून आणले. हात जरा बारीक झालाय, कातडी पांढुरकी, पण हाड जुळले. जुळलेल्या जागी गाठीसारखी थोडी भर असते, ती वर्षभरात घासून सारखी होईल, पुढे एक्स-रेतही ओळखू येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. लहान हाडाला विसरता येते.

गाडीत बसल्यावर तो मला आपला हलणारा दात जिभेने ढकलून दाखवत होता, आणि एकदम ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. शेहेचाळीस वर्षांहून जास्त झाली, तिचे नाव मला आठवत नाही, ते मी लिहूनच घेतले नव्हते. पण ती हसली होती ते आठवते. टाचा उंच करून, हात डोक्यावर तसाच ठेवून. आणि हसताना तिचे पुढचे खालचे दोन दात पडलेले होते, मधे मोकळी जागा दिसत होती, आणि त्या जागेत नव्या दाताची पांढरी कड वर आली होती.

दुधाचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. हे मला ठाऊक होते. प्रत्येक आईबापाला ठाऊक असते. दाखला तिच्या तोंडात होता, मी हात वाचत बसलो.

माझ्या वयाचे जे शिक्षक मित्र हे वाचत असतील त्यांनी आठवून पाहावे. तुमच्याही दारातून कोणी परत गेले असेल.